धूर वेचणारा कॉट्रेल

डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक वीजकेंद्राची चिमणी उभी आहे. तिची उंची सुमारे २७५ मीटर. ५०० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो आणि तयार झालेली वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे असा शंभर पोती कोळसा जाळला, की तीस-चाळीस पोती राख मागे उरते. त्यातली बहुतेक राख पिठापेक्षाही बारीक असते आणि धुराबरोबर वर चढते. तरीही चालू वीजकेंद्राच्या चिमणीतून राखेचे लोट बाहेर पडताना दिसत नाहीत, कारण चिमणीपर्यंत पोहोचण्याआधीच ही राख विजेच्या साहाय्याने पकडली जाते. त्या यंत्राचे नाव इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. वीजकेंद्रातले लोक त्याला नुसते ईएसपी म्हणतात.

हे यंत्र कारखान्यात चालेल अशा रूपात पहिल्यांदा उभे केले ते फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कॉट्रेल हे नाव विद्युतरसायनातल्या एका समीकरणामुळे माहीत असते. पण जगभरातल्या कोट्यवधी फुप्फुसांवर त्यांचे जे उपकार आहेत ते या यंत्रामुळे. त्यांच्या यंत्राला काय जमले आणि काय जमले नाही, या दोन्ही गोष्टी डहाणूकरांच्या अनुभवाशी जुळतात.

कॉट्रेल यांचा जन्म १० जानेवारी १८७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड येथे झाला. शाळकरी वयातच त्यांना हाताने काही ना काही करत राहण्याचा नाद होता. छपाईचे छोटे यंत्र मिळवून त्यांनी मुलांसाठी एक नियतकालिक काढले. फोटो काढणे आणि विजेची किरकोळ कामे करणे हेही चालू होते. सोळाव्या वर्षी ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले आणि १८९६ मध्ये पदवीधर झाले. पुढे काही वर्षे त्यांनी ओकलंडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवले, पैसे साठवले आणि १९०० मध्ये जर्मनी गाठली. रसायनशास्त्र शिकायचे तर जर्मनीत, असा तो काळ होता. बर्लिनमध्ये व्हान्ट हॉफ आणि लाइपझिगमध्ये ओस्टवाल्ड असे दोन दिग्गज त्यांना गुरू म्हणून लाभले. १९०२ मध्ये लाइपझिगची डॉक्टरेट घेऊन ते बर्कलीला परतले आणि शिकवू लागले.

विद्यापीठाचा पगार बेताचा होता, म्हणून कॉट्रेल उद्योगांना सल्ला देण्याची कामेही घेत. त्यातूनच १९०६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी पिनोल येथे असलेल्या द्यु पाँ कंपनीच्या कारखान्याचे एक दुखणे त्यांच्यापुढे आले. तिथे गंधकाम्ल तयार होत असे. प्रक्रियेत आम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांचे धुके तयार व्हायचे आणि त्याबरोबर आर्सेनिकही पुढे सरकून उत्प्रेरक निकामी करायचे. हे धुके गाळणीतून निसटे आणि पाण्यातून नेले तरी पुरते विरघळत नसे. कॉट्रेल यांनी आधी ते भोवऱ्यासारखे गरगर फिरवून वेगळे करण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाही, तेव्हा ते विजेकडे वळले.

ही कल्पना नवी नव्हती. १८२४ मध्ये लाइपझिगमध्ये होलफेल्ड यांनी बरणीतला धूर विजेच्या टोकाने निवळून दाखवला होता. १८८५ मध्ये ऑलिव्हर लॉज या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली वेल्समधल्या शिशाच्या एका कारखान्यात तसे यंत्रही बसले. मात्र हाताळायला अवघड अशा चक्राच्या यंत्रातून मिळणारी स्थिर वीज कारखान्याच्या धुराला पुरी पडली नाही आणि प्रयोग फसला. त्यानंतर वीस वर्षे ही कल्पना पुस्तकातच राहिली.

दरम्यान जग बदलले होते. कारखान्यांना आता उलटसुलट वाहणारी एसी वीज मिळत होती आणि ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब हवा तेवढा चढवता येत होता. कॉट्रेल यांनी ही वीज हजारो व्होल्टपर्यंत चढवली आणि फिरत्या यांत्रिक रेक्टिफायरच्या मदतीने एकाच दिशेने वाहती केली. धुराला भार देण्याइतकी वीज आता अखंड मिळू लागली. दुसरी अडचण अशी होती, की तारेतून वीज हवेत सर्वत्र सारखी झिरपत नव्हती. एकदा अंधुक उजेडात काम करताना कॉट्रेल यांना दिसले, की सुती वेष्टण असलेल्या तारेभोवती सुताच्या तंतूंच्या टोकांवर जांभळट प्रकाश चमकतो आहे. प्रत्येक तंतू विजेला हवेत सोडणारे एक टोक बनला होता. मग त्यांनी मुद्दामच केसाळ तारा वापरल्या आणि प्रयोग यशस्वी झाला. ऑगस्ट १९०८ मध्ये या शोधाचे अमेरिकन पेटंट त्यांना मिळाले.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. धूर उंच धातूच्या पत्र्यांच्या रांगांमधून नेतात. पत्र्यांच्या मधोमध तारा टांगलेल्या असतात आणि त्यांना हजारो व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. तारेजवळची हवा विद्युतभारित होते आणि तो भार धुळीच्या कणांना चिकटतो. कंगव्याने कागदाचे कपटे ओढले जावेत तसे हे कण पत्र्याकडे ओढले जातात आणि त्यावर साचतात. ठरावीक वेळाने पत्र्यांवर हातोडे पडतात आणि राखेचा थर खालच्या नरसाळ्यात घसरतो. या सगळ्यात वाहत्या वायूला अडथळा फारसा होत नाही. म्हणूनच प्रचंड प्रमाणात निघणाऱ्या धुरासाठी ही पद्धत कापडी गाळणीपेक्षा सोयीची ठरली.

हे यंत्र लोकप्रिय झाले ते मात्र आरोग्याच्या काळजीपोटी नव्हे. पहिली गिऱ्हाइके होती कोर्टकचेरीत अडकलेले कारखाने. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सेल्बी येथे शिसे वितळवण्याचा कारखाना होता. सामुद्रधुनीच्या पलीकडे सोलानो परगण्यातल्या शेतकऱ्यांनी पिकांचे आणि जनावरांचे नुकसान होते म्हणून त्याच्यावर दावा लावला होता. कॉट्रेल यांच्या यंत्राने तिथल्या शुद्धीकरण विभागाच्या चिमणीतून निघणारे आम्लाचे पांढरे धुके थांबवले. नंतर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथील सिमेंट कारखान्याची पाळी आली. सिमेंटची धूळ संत्र्यांच्या बागांवर बसत होती, पाने पांढरी पडत होती आणि बागायतदार कोर्टात गेले होते. कॉट्रेल यांचा विद्यार्थी वॉल्टर श्मिट याने यंत्रात सुधारणा करून ते तिथे बसवले. धूळ पकडली गेली आणि पहिल्या महायुद्धात तिच्यातले पोटॅश खतासाठी विकून कारखान्याने कमाईही केली.

शास्टा परगण्यातल्या बलाक्लाला तांबे कारखान्यात मात्र वेगळे घडले. १९१० मध्ये तिथे मोठे यंत्र बसले. डोळ्यांना दिसणारी धूळ घटली, पण परिसरातल्या शेतीचे नुकसान थांबले नाही. कारण त्या नुकसानीतला मोठा वाटा गंधकाच्या जळण्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड या वायूचा होता. विजेने घन कण आणि थेंब पकडता येतात. वायू या पत्र्यांमधून सुखरूप पार होतो. अखेर १९११ मध्ये तो कारखाना बंद पडला. कॉट्रेल यांना ही मर्यादा चांगली ठाऊक होती. धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे होत नाही, हे त्या प्रकरणाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले.

कॉट्रेल यांच्या आयुष्यातला सगळ्यात अनोखा निर्णय त्यानंतरचा आहे. पेटंटवर पैसा येऊ लागला होता आणि ते सहज श्रीमंत झाले असते. त्यांनी हे पेटंटहक्क विज्ञानासाठी देऊन टाकायचे ठरवले. आधी विद्यापीठाला आणि मग वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला विचारणा झाली. व्यापारी हक्क थेट स्वतःच्या मालकीचे ठेवणे स्मिथसोनियनला अडचणीचे वाटले, पण संस्थेचे प्रमुख चार्ल्स वॉलकॉट यांनी मार्ग काढायला मदत केली. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रिसर्च कॉर्पोरेशन नावाची संस्था स्थापन झाली. तिचे भागधारक असले तरी नफा त्यांना वाटायचा नाही. धूर पकडण्याच्या यंत्रातून येणारा पैसा नव्या संशोधनाला द्यायचा, अशी तिची घटना होती.

या पैशातून पुढे काय काय उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. रॉबर्ट गोडार्ड यांच्या रॉकेटच्या प्रयोगांना मदत मिळाली. अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनला मिळाली. या यंत्राबद्दल लॉरेन्स यांना १९३९ मध्ये नोबेल मिळाले आणि त्यातून वैद्यकात वापरता येतील असे किरणोत्सारी पदार्थ तयार होऊ लागले. रॉबर्ट विल्यम्स यांनी १९३६ मध्ये ब-१ जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या तयार केले आणि त्याचे हक्क याच संस्थेकडे सोपवले. त्याचे उत्पन्न कुपोषणाशी लढण्यासाठी वापरले गेले. सडलेल्या भातावर जगणाऱ्या भागांत बेरीबेरी हा ब-१ च्या अभावाचा आजार तेव्हा माणसे मारत होता. कारखान्याच्या राखेतून आलेला पैसा अशा रीतीने रुग्णांपर्यंत पोहोचला. ही संस्था आजही संशोधनाला अनुदान देते.

स्वतः कॉट्रेल मात्र सरकारी नोकरीत राहिले. १९११ मध्ये ते अमेरिकेच्या खाण विभागात गेले आणि १९२० मध्ये काही काळ त्याचे संचालकही झाले. पहिल्या महायुद्धात नैसर्गिक वायूतून हेलियम वेगळा करण्याच्या कामाला त्यांनी चालना दिली. पुढे १९२२ ते १९३० या काळात खतांसाठी हवेतला नायट्रोजन पकडण्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एखादी सर्वांना सोपी पडणारी भाषा हवी, या कल्पनेनेही त्यांना झपाटले होते आणि त्यासाठी त्यांनी बरीच खटपट केली. १६ नोव्हेंबर १९४८ रोजी बर्कलीमध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीची सभा चालू असताना, सभागृहातच त्यांचे निधन झाले. वय ७१ वर्षे.

आज जगातल्या बहुतेक कोळसा वीजकेंद्रांत, सिमेंट आणि पोलाद कारखान्यांत त्यांच्या तत्त्वावर चालणारी यंत्रे आहेत. वजनाने पाहिले तर चांगले यंत्र ९९ टक्क्यांहून अधिक राख पकडते. पण आरोग्याच्या दृष्टीने उरलेला अंश कसा आहे हे महत्त्वाचे. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण नाक आणि घसा बऱ्याच अंशी अडवतात. २.५ मायक्रॉनच्या खालचे कण फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दमा आणि दीर्घकालीन श्वसनविकारांबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही ते वाढवतात. नेमक्या एक मायक्रॉनच्या आतबाहेरच्या या कणांवरच यंत्राची पकड सर्वांत ढिली असते.

भारतात आणखी एक अडचण आहे. आपल्या कोळशात राख फार आणि गंधक कमी. गंधक कमी असले, की राखेचा विद्युतरोध वाढतो, ती पत्र्यावर भार सोडत नाही आणि यंत्राची क्षमता घसरते. यावर उपाय आहेत. पत्र्यांचे क्षेत्रफळ वाढवता येते, धुरात थोडा अमोनिया सोडता येतो, कोळसा आधी धुऊन घेता येतो. मात्र हे सगळे नीट चालते की नाही, यावर रोज लक्ष ठेवावे लागते.

आणि वायूचा प्रश्न राहतोच. सल्फर डायऑक्साइड ओलसर श्वासनलिकेत पटकन विरघळतो. दम्याच्या रुग्णाने श्रमाचे काम करताना तो श्वासात घेतला, तर काही मिनिटांतच श्वासनलिका आकसतात आणि धाप लागते. शेतात किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्यांना हे जास्त भोवते. चिमणी उंच केल्याने हा वायू कमी होत नाही, दूरवर पसरतो इतकेच. हवेत राहता राहता त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. म्हणजे ईएसपीतून वायू म्हणून सुटलेली वस्तू शेकडो किलोमीटरवर धूळ म्हणून खाली येते.

डहाणूची लढाई याच मुद्द्यावर झाली. डहाणू-घोलवडचा पट्टा चिकूच्या बागांचा. इथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि भोवतालचा २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवायचे ठरवले. वारली वेठबिगारांच्या १९४५ च्या परिषदेमुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेले तलासरी तालुक्यातले झरी याच पट्ट्यात येते. वीजकेंद्र मात्र याआधीच मंजूर झाले होते आणि १९९५ च्या सुमारास ते सुरू झाले. राख पकडण्याची यंत्रे होती. धुरातला गंधक काढणारी एफजीडी ही यंत्रणा मात्र नव्हती.

नर्गिस इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या डहाणू तालुका पर्यावरण कल्याण संघटनेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये ही यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. आदेश अमलात यायला पुढची आठ वर्षे गेली. २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा सुरू झाली. समुद्राच्या पाण्यात नैसर्गिक क्षार असतात. धूर त्यातून नेला की सल्फर डायऑक्साइड विरघळतो, पाण्यात हवा फुंकल्यावर त्याचे सल्फेट होते आणि ते पाणी समुद्रात परत जाते. समुद्रात सल्फेट मुळातच भरपूर असते. रसायन अभियांत्रिकीच्या दृष्टीने यात अवघड असे काही नव्हते. अवघड होते ते यंत्रणा बसवायला लावणे.

हा विषय आज पुन्हा ऐरणीवर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये देशातल्या सर्व कोळसा वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली गेली. मुदती वारंवार वाढल्या. जुलै २०२५ मध्ये केंद्राने बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेच्या सक्तीतून वगळले. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना सक्ती कायम आहे. भारतीय कोळशात गंधक कमी, हवेतले या वायूचे प्रमाण बहुतेक ठिकाणी मर्यादेत आणि यंत्रणा खर्चिक, अशी सरकारची बाजू आहे. सल्फेटचे कण शहराच्या वेशीपाशी थांबत नाहीत, असे विरोधकांचे म्हणणे आहे. वैद्यकाच्या बाजूने इतके निश्चित सांगता येते, की सूक्ष्म कणांचा विचार करताना त्यांना जन्म देणारा वायू हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. आणि मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या माणसाचे फुप्फुस शहरातल्या माणसाच्या फुप्फुसापेक्षा वेगळे नसते.

कारखान्याजवळ राहणाऱ्यांनी म्हणूनच नुसते चिमणीकडे पाहून समाधान मानू नये. मोठ्या उद्योगांना धूर मोजणारी यंत्रे बसवावी लागतात आणि त्यांच्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. त्या नोंदींत धुळीचा आकडा वेगळा असतो आणि सल्फर डायऑक्साइडचा वेगळा. दोन्ही आकडे विचारावेत, ग्रामसभेत मांडावेत. घरात दमेकरी किंवा हृदयरुग्ण असेल, तर वारा कारखान्याकडून वाहत असलेल्या दिवशी त्याने उघड्यावरचे श्रमाचे काम टाळावे आणि इन्हेलर जवळ ठेवावा. कॉट्रेल यांच्या यंत्राला पहिले काम मिळवून दिले ते सोलानोच्या शेतकऱ्यांच्या दाव्याने. डहाणूत गंधक काढणारी यंत्रणा आली तीही स्थानिक रहिवाशांनी वर्षानुवर्षे चिकाटीने विचारत राहिल्यामुळे.